प्लास्टर काढायच्या दिवशी पाच प्रश्न

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती,
अलिबाग



मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की पुढे काय काय व्हायचे, याची एक वाट आपल्या जिल्ह्यात आता पडून गेली आहे. आजूबाजूच्या गावांतली पोरे धावत येतात, १०८ ला फोन जातो, जखमींना जवळ पडेल त्याप्रमाणे पेण, रोहा किंवा माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात आणले जाते आणि गरज पडली तर तिथून अलिबागला, पनवेलला किंवा मुंबईला हलवले जाते. पोलीस पंचनामा करतात, क्रेन गाडी बाजूला काढते, वाहतूक पुन्हा सुरू होते. पायात सळई बसते, प्लास्टर चढते, काही आठवड्यांनी ते उतरते आणि कागदोपत्री तो माणूस बरा होतो. या वाटेवर राबणाऱ्या कुणाच्याही कामाला नावे ठेवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ही वाट हाडापाशी येऊन संपते, आणि अपघातातून वाचलेल्या कित्येकांचा मोठा त्रास तिथूनच पुढे सुरू होतो, हे आपल्यापुढे मांडायचे आहे. मनात बसलेल्या त्या धसक्याची विचारपूस करण्याची एक ठरलेली वेळ आणि ती करणारा एक ठरलेला माणूस आपल्या समितीने नेमून द्यावा, एवढीच मागणी आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि जिल्ह्याच्या तिजोरीवर मोठा भारही पडत नाही.

हा त्रास कसा असतो ते आधी सांगायला हवे, कारण तो एक्स-रेवर दिसत नाही. अपघातातून उठलेला माणूस गाडीत बसताना मागची सीट धरतो. पुढे बसावे लागलेच, तर समोरून ट्रेलर येताना दिसला की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, जिथे ब्रेकच नाही तिथे. मागून हॉर्न वाजला की छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो. सुकेळी खिंड जवळ आली की बोलणे बंद होते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला काच फुटल्याचा तोच आवाज ऐकू येऊन जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. धाटावच्या कारखान्यात पाळीला जाणारा माणूस मोटारसायकल घराच्या पडवीत लावून ठेवतो, मिनीडोरमध्येही बसायला नको म्हणतो, भावाला सोडायला सांगतो, आणि भावाला जमले नाही त्या दिवशी खाडा पडतो. ठाण्या-मुंबईकडे कामाला जाणारा एसटी सोडून दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीवर येतो. घरच्यांना वाटते, चला, रेल्वेने का होईना, जातोय. पण गाडीची वेळ आणि पाळीची वेळ जुळत नाही, महिन्याभरात नोकरीवर गदा येते. लग्नकार्य, बारसे, दहावे, सगळीकडे हा माणूस गैरहजर. चिडचिड वाढते, मुलांवर हात उगारला जातो, आणि घरात एक वाक्य रोज ऐकू येऊ लागते: वाचलास ना, मग आता काय झालंय? ज्याला अपघातात साधे खरचटलेही नाही त्याची अवस्था तर जास्त अवघड, कारण दाखवायला त्याच्याकडे जखमच नसते. लहान मुले हे बोलूनही दाखवत नाहीत; ती खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा एकमेकींवर आपटतात, किंवा अंथरूण ओले करायचे केव्हाच थांबलेले मूल पुन्हा ओले करू लागते.

आपल्या जिल्ह्याला मोठ्या अपघातांची आठवण आहे. ४ मे २०१४ रोजी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा या स्थानकांच्या दरम्यान, निडी गावाजवळ रुळांवरून घसरली. सुमारे वीस प्रवासी गेले आणि शंभराहून अधिक जखमी झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, आणि बसमधला एक जण सोडून बाकी सगळे गेले. त्या वाचलेल्या एकाला पुढे कितीतरी दिवस धीरापेक्षा प्रश्नच जास्त मिळाले, हे त्या वेळची वर्तमानपत्रे वाचलेल्या सर्वांना आठवत असेल. तू कसा वाचलास, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या दुःखातून येतो आणि त्याला दोष देता येत नाही. पण ज्याला तो विचारला जातो त्याच्या मनावर तो दुसरा घाव घालतो. अशा मोठ्या घटनांनंतर मंत्री येतात, चौकशी बसते, कधी समुपदेशकही येतात. कोलाड नाक्यावर एका मोटारसायकलला टेम्पोने धडक दिली आणि दोघे जखमी झाले, तर त्यांच्याकडे कोण येणार? संख्येचा विचार केला तर जिल्ह्यातला मनाचा बहुतेक त्रास याच छोट्या बातम्यांच्या मागे साठलेला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरात जखमी झाले ४,४३,३६६. गेलेल्यांचा आकडा भाषणांत येतो, रस्ता सुरक्षा सप्ताहांत येतो, फलकांवर लागतो. जखमींच्या आकड्यापुढे मात्र कुणी फारसे थांबत नाही. त्या आकड्यात गंभीर आणि किरकोळ असे दोनच कप्पे आहेत, आणि दोन्ही शरीराच्या जखमेवरून ठरतात. डोक्याला दोन टाके पडलेला आणि त्यानंतर वर्षभर गाडीत न बसू शकलेला माणूस किरकोळ जखमी म्हणूनच मोजला जातो. जखमेचा आकार आणि धसक्याचा आकार यांचा मेळ बसेलच असे नसते, आणि आपली सगळी व्यवस्था तो मेळ गृहीत धरून चालते.

हा त्रास किती जणांना होतो, याचा सर्वांत काळजीपूर्वक केलेला अभ्यास ऑक्सफर्डमधला आहे. अँके एलर्स, रिचर्ड मेयू आणि ब्रिजेट ब्रायंट या संशोधकांनी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात वाहन-अपघातानंतर ओळीने आलेल्या ९६७ रुग्णांचा पाठपुरावा केला आणि निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. आघातानंतरचा जो तणाव-विकार डॉक्टर पीटीएसडी या नावाने ओळखतात, तो तीन महिन्यांनी २३.१ टक्के लोकांत आढळला आणि वर्ष उलटल्यावरही १६.५ टक्के लोकांत होता. म्हणजे चौघा-पाचांतला एक तीन महिन्यांनी त्रासात, आणि सहा जणांतला एक वर्षानंतरही. त्रास कुणाचा टिकून राहतो, याची कारणेही त्यांनी शोधली. लांबलेली दुखणी, पैशाची ओढाताण, मनात सतत तेच ते घोळवत राहणे, आणि आठवण आली की ती जोर लावून दाबून टाकणे, ही त्यांतली काही. आपण अपघातग्रस्ताला आपुलकीने जो सल्ला देतो, की झाले ते विसरून जा, तो विषयच काढू नकोस, त्याच्याविषयी यावरून फेरविचार करायला हवा.

ही परदेशातली माणसे, तिथले रस्ते वेगळे, घरे वेगळी, हे आकडे रायगडला कसे लावायचे, असा प्रश्न कुणीही विचारील. तो रास्त आहे, आणि हे टक्के जसेच्या तसे इथे लावावेत असे म्हणणे नाही. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, शेजार आहे. दृष्ट काढणारी आजी आहे, धावीर महाराजांपुढे नारळ फोडणारे घर आहे. या सगळ्यातून मिळणारा धीर खरा असतो आणि तो कुणी तोडू नये. पण दुसऱ्या पारड्यात टाकण्यासारखेही बरेच आहे. तिथल्या जखमीला उपचार फुकट मिळतात. इथला जखमी मंगळसूत्र गहाण ठेवून सळई बसवतो. तिथला आजारी रजा घेतो. इथला रोजंदारीवर असतो. लांबलेले दुखणे आणि पैशाची ओढाताण हीच जर त्रास टिकण्याची कारणे असतील, तर आपल्याकडे तो कमी असेल असे मानून गप्प बसायला आधार कुठला? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत आहे. आपल्या जिल्ह्याने विचारायला सुरुवात केली की रायगडचा स्वतःचा आकडाही आपोआप हाती येईल, आणि ऑक्सफर्डचे नाव घ्यायची वेळ राहणार नाही.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. काळ हेच औषध, बहुतेक माणसे आपोआप सावरतात, मग उगाच मनाचे खूळ कशाला काढायचे? यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. अपघातानंतरचे काही दिवस झोप न लागणे, दचकणे, हात थरथरणे हा आजार नव्हे. शरीराने केलेली ती स्वाभाविक राखण आहे आणि बहुतेकांची ती ओसरते. म्हणूनच अपघात झाल्या झाल्या प्रत्येकाला समुपदेशकापुढे बसवावे, अशी मागणी या पत्रात नाही. तसे करून पाहिले गेले आहे. मेयू, एलर्स आणि हॉब्ज यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अपघातानंतर लगेच एका बैठकीत सगळा प्रसंग आणि भावना बोलायला लावलेल्या रुग्णांची तीन वर्षांनी चौकशी केली. सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता, त्यांच्यात अशी बैठक मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. तीच गोष्ट झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या गोळ्यांची. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात डायझेपामसारख्या गोळ्या या त्रासासाठी देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. आपल्याकडे मात्र झोप येत नाही म्हटले की पहिल्यांदा तीच चिठ्ठी लिहून मिळते. तेव्हा पहिल्या महिन्यात हवे ते इतकेच: माणूस एकटा पडू नये, दुखणे आटोक्यात राहावे, त्याला बोलावेसे वाटले तर ऐकणारे कुणी असावे, आणि बोलावेसे वाटले नाही तर कुणी खोदून विचारू नये. पण काळ हे औषध असेल, तर ते लागू पडले की नाही हे कुणीतरी तपासायला हवे की नको? ऑक्सफर्डच्या आकड्यांतच उत्तर आहे. तीन महिन्यांनी त्रासात असलेल्यांची संख्या पुढच्या नऊ महिन्यांत थोडी कमी झाली, पण बरीचशी तशीच उरली. पहिल्या महिन्यात जे ओसरले नाही, ते नुसत्या वाट पाहण्याने ओसरेल हा भरवसा ठेवता येत नाही.

आणि इथेच आपल्या व्यवस्थेत एक विचित्र फट दिसते. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू केली. दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च आणि अपघातापासून सात दिवस, अशी तिची मर्यादा आहे. योजना चांगली आहे, तिने जीव वाचतील. पण पीटीएसडीचे निदान महिना उलटल्याशिवाय करताच येत नाही. सरकारचा हात सातव्या दिवशी सुटतो आणि हा आजार नाव घेण्याजोगा होतो तिसाव्या दिवसानंतर. मधल्या काळात आणि त्यापुढे त्या माणसाकडे पाहणारे कुणी उरत नाही. उरतो तो फक्त हाडांचा डॉक्टर, कारण प्लास्टर काढायला यावेच लागते. साधारण सहा आठवड्यांनी, म्हणजे नेमक्या त्याच काळात, जखमी माणूस स्वतःच्या पायांनी किंवा कुबड्या घेऊन रुग्णालयात परत येतो. बाकावर तासभर बसतो. केसपेपर हातात असतो. मनाची विचारपूस करण्याची योग्य वेळ शोधायला गेलो असतो तर याहून चांगली सापडली नसती. ती आयती चालून येते आणि आपण ती दर आठवड्याला वाया घालवतो.

त्या बाकावर पाच प्रश्न विचारावेत. डॉक्टरांनीच विचारायला हवेत असे नाही. थोडे शिकवून घेतलेल्या परिचारिकेने किंवा रुग्णालयातल्या समुपदेशकाने विचारले तरी चालतील. प्राथमिक तपासणीसाठी अशी पाच प्रश्नांची पट्टी जगभर वापरली जाते आणि तिचा आशय आपल्या बोलीत सहज उतरतो. गेल्या महिन्याभरात अपघाताची स्वप्ने पडतात का, किंवा नको असताना तेच डोळ्यांपुढे येते का? तो रस्ता, ती गाडी, तो विषय टाळावासा वाटतो का? सतत सावध, दचकल्यासारखे राहता का? माणसांत, कामात मन लागेनासे झाले आहे का? आपलीच चूक झाली, किंवा दुसऱ्याने घात केला, हे मनातून जातच नाही असे होते का? तीनचार होकार आले तर पुढची तपासणी. पाच मिनिटांचे काम आहे. ज्यांना प्लास्टर पडलेच नाही ते कसे सापडतील, असे कुणी विचारील. अपघातातला प्रत्येक जखमी रुग्णालयात आला की एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांच्या, नोंदवहीत त्याची नोंद होते. त्या नोंदीवरून तिसाव्या दिवसानंतर एक फोन करता येतो. गावात असेल तर आशाताई किंवा आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी घरी डोकावू शकतात. एक काळजी मात्र घ्यावी लागेल: ही उत्तरे केसपेपरवर राहावीत, पोलिसांच्या फाइलमध्ये जाऊ नयेत. आपल्याला वेड्यात काढतील, ही भीती आपल्याकडे अपघाताच्या भीतीइतकीच मोठी आहे.

होकार आल्यावर करायचे काय, आणि करणार कोण, हा खरा अवघड भाग. त्यासाठी ही भीती चालते कशी ते थोडे पाहावे लागेल. अपघात झालेला माणूस गाडीत बसला की भीती चढू लागते. ती असह्य होण्याआधी तो उतरतो आणि लगेच बरे वाटते. मेंदू यातून एकच धडा घेतो: उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर चढते, आणि टाळायच्या गोष्टींची यादी वाढत जाते. आधी महामार्ग, मग मोटारसायकल, मग नुसते रस्ता ओलांडणे. उपचार ही साखळी उलट्या बाजूने सोडवतो. भीती चढते, तशी थांबून राहिले तर ती काही वेळाने स्वतःहून उतरतेही, हे शरीराला पुन्हा शिकवावे लागते, आणि ते पायरीपायरीनेच. आधी दारात उभ्या असलेल्या बंद गाडीत बसणे. ते अंगवळणी पडले की अष्टमीच्या पुलापर्यंत जाऊन येणे, सोबत घरचे माणूस, वेळ कमी गर्दीची. मग कोलाड. मग भिसे खिंडीतून नागोठणे, आणि सगळ्यात शेवटी महामार्ग. कुठल्याही पायरीवर भीती शिगेला पोहोचलेली असताना उतरायचे नाही, आणि खालची पायरी सोपी झाल्याशिवाय वरची घ्यायची नाही. याच्या जोडीला त्या प्रसंगाच्या अर्थाकडे पुन्हा पाहणे असते: मी जेमतेम सेकंदभर आधी ब्रेक दाबला असता तर, हा मनात अडकलेला विचार शांतपणे तपासून पाहणे. घरच्यांच्या मदतीने यातले बरेच होऊ शकते. पण ज्यांचा त्रास महिन्यापुढे गेला आहे त्यांना शिकलेल्या माणसाचा हात लागतो, याचाही पुरावा आहे. एलर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अपघातग्रस्तांच्या तीन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारे मानसोपचार मिळाले, दुसऱ्याला स्वतः वाचून करायची पुस्तिका, तिसऱ्याची फक्त वेळोवेळी तपासणी झाली. पाठपुराव्याच्या वेळी पीटीएसडी शिल्लक होता तो पहिल्या गटात ११ टक्के, पुस्तिकेच्या गटात ६१ टक्के आणि तपासणीच्या गटात ५५ टक्के लोकांत. रुग्णालयाच्या भिंतीवर माहितीपत्रक चिकटवून आपले कर्तव्य संपले असे कुणी मानणार असेल, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत.

शिकलेला माणूस आणायचा कुठून, असे आपले अधिकारी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे टाळता येणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, आणि गाठायचे म्हटले की अलिबाग किंवा पनवेल. रोह्याच्या माणसाला पनवेलला जायचे तर भिसे खिंड, नागोठणे, वडखळ. म्हणजे ज्या महामार्गाच्या धसक्यावर उपचार हवा, त्याच महामार्गावरून उपचाराला जायचे. पाय मोडलेल्याला जिना चढून अस्थिरोगतज्ज्ञाकडे यायला सांगण्यासारखे हे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याचे कलम १८ या बाबतीत स्पष्ट आहे: मानसिक आरोग्यसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या सर्व पातळ्यांत मिसळाव्यात, आणि त्या मिळवण्यासाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका धरलेली आहे. या पथकाने पेण, रोहा आणि माणगाव इथे ठरलेल्या वारी यावे, आणि तो वार अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण तपासणीचाच असावा. मधल्या काळासाठी टेलिमानस ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत, आणि त्यासाठी वडखळ ओलांडावे लागत नाही. प्रत्येक जखमीला तज्ज्ञाची गरज पडणारच नाही. पाच प्रश्नांची चाळणी लावली की ज्यांना पडेल ते मोजके आणि नेमके राहतील.

जिल्ह्यातला कुणीही माणूस यावर म्हणेल की आधी रस्ता नीट करा. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायला २०११ मध्ये घेतला. त्या वर्षी जन्मलेली मुले माध्यमिक शाळेत गेली आणि आपण अजून या रस्त्याच्या नव्या तारखा ऐकत राहिलो. या रागाच्या विरोधात एक शब्दही लिहायचा नाही. भीती खोटी नाही, रस्ता खरोखरच धोक्याचा आहे, मग भीतीवर उपचार कशाचा करता, असे म्हणणाऱ्याचे निम्मे बरोबर आहे. पण सावधपणा आणि आजार यांत फरक असतो आणि तो ओळखता येतो. सावध माणूस सीटबेल्ट लावतो, रात्रीचा प्रवास टाळतो, पावसात वेग कमी ठेवतो आणि कामाला जातो. आजारी माणसाला दारात उभ्या असलेल्या बंद गाडीतही घाम फुटतो. उद्या चार पदरी गुळगुळीत रस्ता झाला तरी काल ज्याच्यावर ट्रक आला त्याची रात्र त्याने बदलणार नाही. शिवाय ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा आणि बांधकाम खात्याचा विषय आहे, तर पाच प्रश्न हा आरोग्य खात्याचा. आणि दोघांनाही एका टेबलाशी बसवणारी समिती आपल्या अध्यक्षतेखाली चालते.

भरपाईसाठी लोक सोंग करतील, हा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो, म्हणून त्याला उघड उत्तर दिलेले बरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मिळणारी रक्कम ठरलेली आहे: मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख. झोप येत नाही म्हटल्याने ती वाढत नाही. न्यायाधिकरणात दावा चालवायचा तर सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात भरपाईच्या बाबींमध्ये वेदना आणि यातनांबरोबर आघातही धरलेला आहेच. तो सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर राहते आणि वेळच्या वेळी झालेली वैद्यकीय नोंद सोंगाच्या विरोधातलाच पुरावा ठरते. आणि थोडे जण सोंग करतील म्हणून बाकीच्या सगळ्यांना विचारायचेच नाही, हा न्याय आपण हाडाच्या दुखण्याला कधी लावत नाही.

एका वर्गाविषयी अधिक आग्रहाने लिहायला हवे, तो म्हणजे चालक. प्रवासी भीती बोलून दाखवू शकतो; ट्रक, एसटी, डंपर किंवा कंपनीची बस चालवणारा ती बोलला तर त्याचे पोट धोक्यात येते. त्यामुळे अपघातानंतर, विशेषतः समोरचा माणूस दगावला असेल तर, तो गप्प राहतो, गोळी किंवा दारू घेऊन झोप आणतो आणि पुन्हा स्टेअरिंगवर बसतो. त्याच्यावर गुन्हा दाखल असतो, गावात बोटे दाखवली जातात, आणि चूक त्याची असो वा नसो, तो आवाज त्यालाही रात्री ऐकू येतच असतो. असा माणूस भीतीपोटी अचानक ब्रेक दाबतो किंवा झोप न झाल्याने एखाद्या क्षणी त्याचा डोळा लागतो, तेव्हा पुढच्या अपघाताची तयारी झालेली असते. त्याची विचारपूस करणे म्हणजे त्याला निर्दोष ठरवणे नव्हे. न्यायालय आपले काम करीलच. पण जो माणूस उद्या आपल्या सर्वांच्या समोरून चाळीस टन घेऊन येणार आहे, तो काल रात्री झोपला होता का, हा रस्ता सुरक्षेचाच प्रश्न आहे. कामगिरीवर परत घेण्याआधी अपघातग्रस्त चालकाची डोळ्यांच्या तपासणीबरोबर ही तपासणीही व्हावी, आणि तिच्या निकालावर त्याला कामावरून काढता येऊ नये, असे एसटी महामंडळाला आणि धाटाव, नागोठणे परिसरातल्या कारखान्यांना समितीने कळवावे. याच ओघात त्या गावकऱ्यांचाही विचार व्हावा, जे दरवेळी पहिल्यांदा धावत जातात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आणून मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या ससेमिऱ्यापासून संरक्षण दिले. पत्रा कापून माणूस बाहेर काढताना त्याने जे पाहिले, त्यापासून त्याला कुठल्याही कायद्याने वाचवलेले नाही.

तेव्हा समितीच्या येत्या बैठकीत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा, जिल्हा शल्यचिकित्सकांना बोलवावे, आणि पेण, रोहा, माणगाव या तीन उपजिल्हा रुग्णालयांत एक वर्ष हे करून पाहावे. पोलिसांनी अपघातग्रस्ताला त्याच्या हक्कांचा जो कागद द्यायचा असतो, त्यावर १४४१६ हा क्रमांक छापून घ्यावा. तिन्ही ठिकाणी किती जणांना विचारले, किती होकार आले, किती जण उपचारांपर्यंत पोहोचले, हे आकडे नावांशिवाय दर तिमाहीला जाहीर करावेत. सुरुवात गणपतीच्या आधी झाली तर उत्तम. त्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्यांनी हा रस्ता भरतो, आणि इथे जखमी झालेली कितीतरी माणसे पहिल्या उपचारानंतर मुंबईला परत जातात. त्यांचे प्लास्टर परळला किंवा ठाण्याला निघते. त्यांना तिसाव्या दिवसाचा फोन तिकडे करावा लागेल, म्हणून एमएलसी नोंदवहीत आतापासूनच दोन मोबाईल क्रमांक घ्यायला सांगावे, एक जखमीचा आणि एक घरच्या माणसाचा.

आपला,
रोहा तालुक्यातील एक रहिवासी